सोळा ते चोवीस इंच

मासेमारीत ‘गाईड’ नावाचा एक धंदा असतो, हे आमच्या कोकणातल्या माणसाला सांगून लवकर पटत नाही. अमेरिकेत हा चांगला चालणारा धंदा आहे. तलावाच्या काठी राहणारा, त्या पाण्याची खडान्‌खडा माहिती असणारा माणूस तुम्हाला स्वतःच्या बोटीतून दिवसभर फिरवतो. गळ कुठे टाकायचा, आमिष कोणतं लावायचं, दोरी किती हळू ओढायची ते सांगतो आणि दिवसाचे चार-पाचशे डॉलर घेतो. मासा लागला नाही तरी पैसे द्यायचे. लागलेल्यांपैकी बहुतेक परत पाण्यात सोडायचे. माझ्या मामूंना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे दिवसभर पाण्यावर राहून रिकाम्या हाताने घरी यायचं. ते तर आम्ही फुकटात करायचो.”

मामू दापोली तालुक्यातल्या आमच्या गावचे. दालदी. कोकणातल्या मुसलमानांमध्ये समुद्रावर जगणारी ही जमात. मराठीत मुसलमानांविषयी जे लिहिलं जातं त्यात ती फारशी दिसत नाही. मामू बाराव्या वर्षी खलाशी म्हणून बोटीवर चढले आणि पंचविशीत तांडेल झाले. तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख. पण आमच्याकडे नुसती बोट हाकणाऱ्याला कोणी मनापासून तांडेल म्हणत नाही. कधी जायचं नाही, हे ज्याला कळतं तो तांडेल.

२००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं तेव्हा मामूंची बोट समुद्रावर नव्हती. आदल्या दिवशीच आभाळाचा रंग बघून त्यांनी ती खाडीत आणून बांधली होती. मालक चिडला होता. डिझेल भरलेलं, बर्फ भरलेला, आणि हा म्हातारा बोट बांधून घरी आला म्हणून. त्या वादळात कोकण किनाऱ्यावरचे अनेक मच्छीमार परत आले नाहीत. मामूंचा लहानपणापासूनचा एक दोस्त त्यांच्यात होता. त्यानंतरही मामू काही वर्षं समुद्रावर गेले, पण त्या दिवसाविषयी ते बोलत नसत.

पुढे गुडघे गेले, मग मामी गेल्या, आणि मुलगा त्यांना डॅलसजवळच्या आपल्या घरी घेऊन गेला. घर मोठं, माणसं प्रेमाची, पण समुद्र शेकडो मैल लांब. मागच्या मार्चमध्ये मी तीन आठवडे तिकडे होते. मामू फजरनंतर सोसायटीतल्या छोट्या कृत्रिम तळ्याला फेऱ्या मारत आणि दिवसभर खिडकीशी बसत. शेवटी मामेभावाने एका गाईडचा दिवस ठरवला. बोटीत गाईड सोडून दोघांनाच जागा होती आणि त्याला कामावर जायचं होतं. “तू जा त्यांच्याबरोबर,” तो म्हणाला. “दुभाषी पण होशील.” एक दिवसाची दोन लायसन्सं काढली आणि ठरलं.

तलावाचं नाव लेक फोर्क. डॅलसच्या पूर्वेला, गाडीने दीड-दोन तासांवर. तो नैसर्गिक नाही. सबीन नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यावर धरण बांधून १९८० साली पाणी अडवलं आणि सुमारे २७ हजार एकरांचा जलाशय तयार झाला. आपल्याकडे धरण भरलं की मासे आपोआप येतात आणि ज्याच्या हाती लागतील त्याचे होतात. इथे उलट झालं. पाणी भरण्याआधीच त्या भागातल्या लहान तळ्यांमध्ये फ्लोरिडा जातीच्या बास माशांची पिल्लं सोडली गेली. बुडणाऱ्या जमिनीवरची झाडं बऱ्याच ठिकाणी मुद्दाम तशीच उभी ठेवली, कारण लार्जमाउथ बास, म्हणजे मोठ्या तोंडाचा बास, आडोशाला दबा धरून शिकार करतो. आज तलावावर नजर टाकली तर मैलभर वाळलेल्या झाडांचे करडे सांगाडे पाण्यातून वर आलेले दिसतात. मामू म्हणाले, “कब्रस्तानासारखं दिसतंय.” माशांसाठी मात्र ती वस्ती आहे.

या वस्तीने मोठे मासे दिले. १९८६ साली नोव्हेंबरमध्ये मार्क स्टीव्हन्सन नावाच्या गाईडने इथे १७.६७ पौंडांची, म्हणजे आठ किलोंची मादी पकडली. तिचं नाव एथेल ठेवलं. तिला मारलं नाही. तिच्यापासून टेक्सास राज्याने एक योजनाच सुरू केली. तेरा पौंडांहून मोठा बास पकडणाऱ्याने तो जिवंत सरकारी मत्स्यबीज केंद्राला द्यायचा, म्हणजे त्याच्या वंशाची पिल्लं पुन्हा तलावांत सोडता येतात. १९९२ च्या जानेवारीत याच तलावात १८.१८ पौंडांचा बास लागला. टेक्सासमधला तो विक्रम अजून मोडलेला नाही.

ठरलेल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी आभाळ हिरवट-काळं झालं. टेक्सासमध्ये वसंतात उत्तरेची थंड हवा आणि दक्षिणेच्या आखातावरून येणारी दमट हवा एकमेकींवर आदळतात. तिथल्या वादळांचं मूळ हेच. रात्री गारा पडल्या. विजा इतक्या सतत चमकत होत्या की खोलीत दिवा लावायची गरज नव्हती. मामू खिडकीपासून हलले नाहीत. रात्री आठलाच गाईडचा फोन आला होता: सकाळी साडेसहाला भेटायचं ठरलंय, ते विसरा, पाच वाजता मी पुन्हा कळवतो. पाच वाजता त्याचा निरोप आला: दहा वाजता या, त्याआधी मी कोणालाही पाण्यावर नेणार नाही.

कारणंही त्याने सांगितली होती. शेवटचा गडगडाट ऐकू आल्यानंतर किमान अर्धा तास थांबायचं. उघड्या पाण्यावर हातात कार्बनची लांब काठी धरून उभं राहणं म्हणजे विजेला स्वतःहून बोलावणं. शिवाय वादळी रात्रीनंतर मोडलेली झाडं आणि ओंडके पाण्यावर तरंगत असतात. त्यातले काही पाण्याखाली बोटभर असतात. ते चांगल्या उजेडातच दिसतात.

मी हे मामूंना सांगितलं. त्यांनी विचारलं, “तो स्वतःहून थांबला? आपण सांगितलं नव्हतं?”

“नाही, त्यानेच सांगितलं.”

“अर्धा दिवस फुकट जाणार तरी?”

“हो. अर्ध्या दिवसाचेच पैसे घेणार म्हणालाय.”

मामू उठले आणि टोपी शोधायला लागले. “चल बाय. माणूस तांडेल आहे.”

आम्ही पोचलो तेव्हा आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. एकही ढग नाही, वायव्येचा गार वारा. मला वाटत होतं की दिवस झकास आहे. गाईड मात्र आभाळाकडे बघून नाराज होता. तो साठीचा, उन्हाने रापलेला, कमी बोलणारा माणूस. म्हणाला, वादळ येण्याच्या आधी बास वेड्यासारखा खातो. वादळ निघून गेलं, थंड हवा आली आणि असं लख्ख ऊन पडलं की तो तोंड मिटून बसतो. माशाचं रक्त थंड. पाणी गार झालं की त्याचं अंग मंदावतं. तो झाडाच्या बुंध्याला चिकटून राहतो. तुम्ही आमिष त्याच्या नाकासमोर नेऊन ठेवलंत तर खाईल, पण दोन हात पाठलाग करणार नाही. “आज मासे कमी मिळतील,” त्याने सांगून टाकलं. पैसे घेण्याआधी असं सांगणारा माणूस मामूंना आणखी आवडला.

बोटीत चढताच त्याने आम्हाला लाइफ जॅकेट घातली आणि इंजिन आपोआप बंद करणाऱ्या स्विचची दोरी स्वतःच्या कंबरेला अडकवली. चालकाच्या समोर पाण्याखालचं चित्र दाखवणारा पडदा होता. मला वाटलं मामूंना त्याचं अप्रूप वाटेल. ते म्हणाले, “हे आमच्या बोटीवर पण होतं. मासा दाखवतं. खातो की नाही ते सांगत नाही.” मी भाषांतर केलं. गाईड पहिल्यांदा हसला.

तलावाच्या पलीकडच्या बाजूला त्याच्या हक्काच्या जागा होत्या, पण वारा उघड्या पाण्यावर लाटा उठवत होता. तो तिकडे गेलाच नाही. वायव्येच्या किनाऱ्याला, टेकाडाच्या आडोशाला असलेल्या एका ओढ्याच्या मुखाशी त्याने बोट नेली. रात्रीच्या पावसाने ओढा फुगला होता आणि लाल माती घेऊन येत होता. ते तांबडं पाणी जिथे तलावाच्या हिरवट पाण्याला मिळत होतं तिथे स्पष्ट रेघ दिसत होती. गाईडने इंजिन बंद केलं, पुढची छोटी विजेची मोटर पाण्यात सोडली आणि त्या रेघेकडे बोट दाखवलं.

मामूंनी त्याच्याआधीच बघितलं होतं. “पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी असंच होतं,” ते म्हणाले. “लाल पाणी आणि खारं पाणी मिळतं तिथे. लहान मासे कडेला येतात, मोठे त्यांच्या मागे.” गाईडने मान हलवली. इथेही तेच. पुराचं पाणी किडे, गांडुळं, खेकड्यासारखे क्रॉफिश वाहून आणतं. लहान मासे ते खायला येतात आणि बास गढूळ पाण्याच्या आडून स्वच्छ पाण्यावर नजर ठेवतो.

गढुळात त्याला दिसतं कसं, हे मी विचारलं. दिसत नाही, जाणवतं, असं उत्तर मिळालं. माशाच्या दोन्ही अंगांना कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ असते. पाण्यातला अगदी हलका धक्काही तिला कळतो. म्हणून गाईडने आज गोल पात्याचं आमिष निवडलं. ते ओढलं की पातं फिरतं आणि काठीच्या मुठीपर्यंत थरथर येते. दुसऱ्या काठीला काळ्या-निळ्या रंगाचं जड आमिष बांधलं. मळक्या पाण्यात गडद आकार जास्त उठून दिसतो. सूचना एकच, पण त्याने ती दहा वेळा दिली: हळू. आणखी हळू.

पहिला तास काही नाही. मामूंना कंटाळा येईल या भीतीने मी त्यांच्याकडे बघत होते. ते काठी धरून बसले होते आणि त्यांचे खांदे सैल झाले होते. घरी इतक्या दिवसांत ते मला असे दिसले नव्हते. मग दोन मासे लागले, दोन्ही मामूंना, एक चौदा इंचांचा आणि एक पंधरा. गाईडने ते बोटीतल्या पाण्याच्या टाकीत टाकले आणि विचारलं, घरी न्यायचेत ना? मामू म्हणाले, “हे? ही तर पोरं आहेत.”

तिथून पुढे गेलो तेव्हा एक बंद कोपरा लागला. ओढा तिथे येत नव्हता, पाणी स्वच्छ होतं. तळाशी ताटाएवढं फिकट वर्तुळ दिसत होतं आणि त्यावर एक बास जागच्या जागी पर हलवत उभा होता. गाईडने हाताने खूण केली, काठ्या खाली ठेवा. ते घरटं होतं. मादी अंडी घालून निघून जाते आणि राखण नर करतो. त्याला पाच-दहा मिनिटं जरी उचलून बोटीत घेतलं, तरी आजूबाजूचे छोटे सनफिश अंडी साफ करून टाकतात. घरट्यावरचा नर काही खात नाही, पण आमिष जवळ आलं की चिडून चावतो, त्यामुळे त्याला पकडणं सोपं असतं. कायद्याने बंदी नाही आणि अनेक जण पकडतातही. गाईड म्हणाला, रात्रभर या माशाने थंड पाणी आणि लाटा सोसल्या आहेत, आज त्याला माझ्याकडून आणखी त्रास नको.

मामूंनी मला सांगितलं, “याला आमची जून-जुलैची बंदी सांग.” मी सांगितलं, की पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात जायला मनाई असते; पावसाळी समुद्र धोक्याचा असतो आणि अनेक माशांचा तो अंडी घालायचा काळ असतो. गाईडने विचारलं, “लोक पाळतात?” मी मामूंकडे बघितलं. मामूंनी पाण्याकडे बघितलं.

दुपारी दोनच्या सुमाराला मामूंच्या काठीने कमान घेतली. त्यांचे गुडघे दुखतात, पण ते उभे राहिले. गाईड जाळी घेऊन शेजारी आला आणि एक शब्द बोलला नाही. हा माणूस मासा सांभाळू शकतो हे त्याने ओळखलं होतं. मासा दोनदा झाडाच्या खोडाकडे वळला, मामूंनी दोनदा त्याला फिरवला. बोटीत आला तेव्हा मोजला. एकवीस इंच. अडीच किलोच्या आसपासची, पोट भरलेली मादी.

मामूंनी हात ओले केले (हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं) आणि तिला खालच्या जबड्याला धरून, पोटाखाली दुसरा हात देऊन उचललं. म्हणाले, “आठ माणसं जेवतील.”

मग मला त्यांना कायदा सांगावा लागला. या तलावात सोळा ते चोवीस इंच लांबीचा प्रत्येक बास परत सोडावा लागतो. सोळाच्या आतले ठेवता येतात, दिवसाला पाच. त्या पाचांत चोवीसच्या वरचा एकच. मधला एकही नाही.

“उलटं आहे हे,” मामू म्हणाले. “आम्ही पोरं सोडायचो, मोठा ठेवायचो.”

गाईडने समजावलं ते मी त्यांना सांगितलं. लहान बास तलावात खूप होतात. त्यांची गर्दी झाली की खाणं पुरत नाही आणि कोणीच वाढत नाही, म्हणून लहान नेलेले बरे. मोठी मादी मात्र कित्येक वर्षांनी तयार होते आणि सर्वांत जास्त अंडी तिची. तिला ताटात वाढलं की पुढची अनेक वर्षं ताटात वाढली.

मामूंनी ऐकून घेतलं. मग त्यांनी जे विचारलं ते मी शब्दाला शब्द भाषांतर केलं: “सोडायचीच होती तर तिच्या तोंडात गरी कशाला खुपसली?”

हा प्रश्न आमच्यासाठी नुसता भावनेचा नाही. पाण्यातली शिकार आपल्याला हलाल आहे, माशाला जिबह करावं लागत नाही, पण ती अन्नासाठी. जिवंत प्राण्याला निशाणबाजीची वस्तू करू नका, ही पैगंबरांची ताकीद लहानपणी मदरशातच कानावर पडते. पकडून सोडण्याच्या खेळाविषयी उलेमांची मतं एक नाहीत. काहींना तो नाहक त्रास वाटतो, काही म्हणतात, लगेच आणि नीट सोडला तर हरकत नाही. मामूंनी कुठला फतवा वाचलेला नव्हता. साठ वर्षं मासे मारणाऱ्या माणसाला तो प्रश्न आपोआप पडला होता.

गाईड थोडा वेळ गप्प राहिला. म्हणाला, “याचं पुरतं उत्तर माझ्याकडे नाही. एवढंच सांगतो, हिला एकदा हातात धरलेले लोकच या तलावासाठी भांडतात. लायसन्सचे पैसे तेच देतात आणि त्याच पैशांवर पिल्लं वाढवली जातात. आता तिला पाण्यात घाला, तिचा श्वास कोंडतोय.”

मामू वाकले. मादीला पाण्यात धरून ठेवलं. तिचे कल्ले दोन-तीनदा उघडले-मिटले आणि शेपटीचा एक फटका मारून ती तांबड्या पाण्यात गेली. मामूंचा शर्ट भिजला. ते काही बोलले नाहीत, पण त्यानंतर त्यांनी गळ टाकला नाही. काठी गुंडाळून बाजूला ठेवली आणि परत येईपर्यंत गाईडच्या शेजारी उभे राहून ओंडके दाखवत राहिले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. ओंडके दाखवायला ती लागत नाही.

रात्री त्या दोन ‘पोरांचं’ मामूंनी स्वतः कालवण केलं, नारळ आणि आमसूल घालून. पांढरं, फिक्या चवीचं मांस. “जिताड्याचा गरीब चुलतभाऊ,” असा निकाल त्यांनी दिला आणि दोनदा भात घेतला. जेवताना ते फयानविषयी बोलले, मुलासमोर पहिल्यांदाच. दोस्ताच्या बोटीवर पाच जण होते. तांडेल तरुण होता आणि मालकाला नाही म्हणायची त्याची हिंमत झाली नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, “आजच्या माणसाला मालक नव्हता. आपल्या बोटीचा तोच मालक, म्हणून त्याला थांबता आलं.”

मला त्या दिवसातलं हे सर्वांत महत्त्वाचं वाटतं. शिस्त स्वभावातून येते असं आपण म्हणतो, पण थांबणं परवडावंही लागतं. लेक फोर्क एका तलावाएवढा आहे. त्याला एक कायदा आहे, तो पाळला जातो की नाही हे बघायला माणसं आहेत, आणि सोडलेली मादी पुढच्या वसंतात तिथेच अंडी घालते हे सोडणाऱ्याला माहीत आहे. आमच्या समुद्रात मामूंनी सोडलेला मासा तासाभरात मागच्या ट्रॉलरच्या जाळ्यात जायचा. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी किमान आकार ठरवून दिला, त्याहून लहान मासा पकडायचा नाही. त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा जाहीर केलं. दोन्ही गोष्टी चांगल्याच. पण कर्ज काढून बोट घेतलेल्या माणसाने एकट्याने जाळ्याचा आस मोठा करायचा आणि शेजारच्याने पर्ससीन किंवा एलईडीचे दिवे लावून दर्या खरवडायचा, तर सोडणारा मूर्ख ठरतो.

ऑगस्टमध्ये बंदी उठल्यावर मी गावी गेले होते. मामूंचा तिकडून फोन आला. पहिला प्रश्न लिलावाचा: पापलेट आलं का?

आलं होतं. ढिगाने. मी सांगितलं.

“केवढं?”

मी बंदरावरच उभी होते. एक उचलून हातावर ठेवलं. म्हटलं, “मामू, माझ्या तळहातात मावतंय.”

पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग म्हणाले, “त्यातल्या एकीनेही अजून अंडी घातली नसतील.”